रीमरला भोकाच्या मागे जाऊ द्या

लेथवर २० मिमीचं भोक एच७ या अचूकतेच्या दर्जात हवं असतं तेव्हा ड्रॉइंग आपल्याला फक्त २१ मायक्रॉनची मोकळीक देतं. २०.००० ते २०.०२१. नवाकोरा रीमर (भोक अंतिम मापात आणणारं दातांचं हत्यार) लावला, तेल सोडलं, टेलस्टॉकचं (रीमर धरणाऱ्या लेथच्या मागच्या भागाचं) चाक सावकाश फिरवलं, आणि तरीही प्लग गेजची नो-गो बाजू, म्हणजे आत जाऊच नये अशी बाजू, भोकाच्या तोंडात चार-पाच मिमी शिरते. पुढे आत मात्र भोक बरोबर असतं. अशा वेळी पहिला संशय रीमरवर जातो आणि दुकानदाराशी वाद सुरू होतो. बहुतेक वेळा तो रीमर निर्दोष असतो. गडबड त्याच्या मागच्या टोकाला असते, म्हणजे तो जिथे धरलाय तिथे.

हा लेख त्या मागच्या टोकाबद्दल आहे. टर्नरचं काम शिकणाऱ्या मुलांना रीमरचे प्रकार सांगता येतात, स्पीड आणि फीडही (हत्यार पुढे सरकवण्याचा वेग) सांगता येतात. रीमर धरायचा कसा, हा प्रश्न मात्र मागेच राहतो. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात किंवा भोसरीच्या छोट्या शेडमध्ये जुन्या लेथवर बुश, पुली, गिअर अशी कामं करणाऱ्यांना तो रोज छळतो. जॉब रिजेक्ट होतो तो बहुधा शेवटच्या ऑपरेशनला, आणि तोवरची सगळी मेहनत त्याच्यासोबत भंगारात जाते.

ड्रिल, बोरिंग आणि रीमर: कोण काय करतं

ड्रिलने पाडलेलं भोक सरळ नसतं आणि पूर्ण गोलही नसतं. ड्रिलच्या दोन धारा सारख्या घासलेल्या नसतील तर भोक मापापेक्षा मोठं होतं. शिवाय ड्रिल लवतं, त्यामुळे खोल जाताना वाट सोडतं. ही वाट सुधारणं हे बोरिंग टूलचं काम. बोरिंग टूल एका टोकाने कापतं आणि कॅरेजबरोबर (टूल वाहून नेणाऱ्या सरकत्या भागाबरोबर) बेडच्या रेषेत सरकतं. आधीचं भोक कुठे होतं याची त्याला फारशी पर्वा नसते. म्हणून बोरिंग केलेलं भोक स्पिंडलच्या, म्हणजे जॉब फिरवणाऱ्या दांड्याच्या, अक्षावर येतं.

रीमरचं तसं नाही. त्याला सहा-आठ दात असतात, ते सगळ्या बाजूंनी भोकाला टेकतात आणि कापतो फक्त पुढचा चॅम्फर, म्हणजे तिरका कापलेला काठ. मशीन रीमरवर हा चॅम्फर सहसा ४५ अंशांचा आणि अगदी आखूड असतो. त्यामागचा दंडगोल भाग भोकात टेकून चालतो आणि रीमरला वाटेवर ठेवतो. २० मिमीच्या भोकात आपण रीमरसाठी व्यासावर ०.२ ते ०.३ मिमी माल ठेवतो, म्हणजे एका बाजूला ०.१ ते ०.१५. एवढा पातळ थर काढताना रीमर भोकाची जागा बदलू शकत नाही. आधीचं भोक वाकडं असेल, तर ते वाकडं भोकच तो सुरेख गुळगुळीत आणि मापात करून देतो.

यावरून होल्डरचं काम ठरतं. होल्डरने दोनच गोष्टी करायच्या: रीमरला मागून ढकलायचं आणि त्याला जॉबबरोबर फिरू द्यायचं नाही. दिशा दाखवायचं काम भोकाचं आहे. होल्डरनेही दिशा दाखवायला घेतली की रीमर दोन मालकांचा नोकर होतो, आणि दोघांचं एकमत नसेल तर त्याची ओढाताण भोकाच्या तोंडाशी दिसते.

टेलस्टॉक खरंच समोर आहे का?

दुसरा मालक म्हणजे टेलस्टॉक. तो स्पिंडलच्या अक्षाशी तंतोतंत जुळलेला आहे असं आपण गृहीत धरतो. जुन्या लेथवर ते क्वचितच खरं असतं. टेलस्टॉक बेडवरून रोज पुढेमागे सरकतो, त्याचा तळ झिजतो आणि तो खाली बसत जातो. नवा लेथ तपासतानाच्या चाचणीत टेलस्टॉक हेडस्टॉकपेक्षा (स्पिंडल असलेल्या भागापेक्षा) खाली असलेला चालत नाही, पण मिमीचे दोन-तीन शतांश वर असलेला चालतो. त्यामागे हाच विचार आहे. तळ पुढे झिजणारच, आणि हेडस्टॉक तापला की स्पिंडलही थोडा वर उचलला जातो.

तपासणं अवघड नाही. चकमध्ये डायल गेजचा स्टँड पकडा, डायलचं टोक टेलस्टॉकच्या बॅरलच्या (पुढेमागे सरकणाऱ्या नळीच्या) आतल्या टेपरला, म्हणजे निमुळत्या भोकाला, टेकवा आणि चक हाताने फिरवा. वर, खाली, समोर आणि मागे अशी चार रीडिंग घ्या. समोरासमोरच्या रीडिंगमधला फरक निम्मा केला की अक्ष किती सरकलाय ते कळतं. वर-खालच्या रीडिंगमध्ये स्टँडच्या दांड्याची लवणही मिसळते, म्हणून दांडा आखूड आणि जाड वापरा. हेच रीडिंग बॅरल थोडं बाहेर काढून घ्या, आणि बॅरलचा लॉक घट्ट केल्यावर पुन्हा घ्या. लॉक आवळताना बॅरल कसं एका बाजूला ओढलं जातं ते बघून अनेकांना धक्का बसतो. आडवी चूक टेलस्टॉकच्या बाजूच्या स्क्रूने काढता येते. उंचीची चूक काढायची तर तळाखाली शिम (पातळ पत्र्याच्या पट्ट्या) घालाव्या लागतात.

आता समजा अक्ष ०.०५ मिमी बाजूला आहे आणि रीमर टेलस्टॉकमध्ये पक्का बसवलाय. लेथवर जॉब फिरतो आणि रीमर स्थिर असतो. त्यामुळे रीमरच्या एका बाजूचे दात जॉबच्या केंद्रापासून १०.०५ मिमीवर येतात. जॉबची एक फेरी झाली की तिथे २०.१० मिमीचं वर्तुळ कापलं जाऊ शकतं, म्हणजे मोकळीकीच्या जवळजवळ पाचपट. प्रत्यक्षात रीमर थोडा वाकतो, म्हणून चूक एवढी मोठी होत नाही. पण तोंडाशी त्याला भोकाचा आधार मिळालेला नसतो, त्यामुळे सगळ्यात जास्त माल तिथेच जातो. पुढे दंडगोल भाग आत शिरला की भोक त्याला आपल्या अक्षावर दाबून आणतं आणि माप जागेवर येतं. तोंड मोठं आणि आत बरोबर, ही घंटेसारखी पसरलेली तोंडं अशी तयार होतात. आपण सुरुवातीला बघितलेली नो-गो गेज इथेच शिरत होती.

ड्रिलिंग मशीनवर किंवा व्हीएमसीवर (संगणकावर चालणाऱ्या उभ्या मशीनवर) गणित वेगळं असतं. तिथे रीमर स्वतःच फिरतो. त्यामुळे त्याचा रनआउट, म्हणजे फिरताना होणारी डगमग, भोक मोठं करते. लेथवर शँकची (रीमरच्या मागच्या दांड्याची) तीच चूक स्थिर ऑफसेट होऊन येते. याचा थोडा फायदाही आहे: टेपरमध्ये रीमर वेगवेगळ्या कोनांत बसवून बघा, एखाद्या जागी रीमरची चूक आणि टेलस्टॉकची चूक एकमेकींना बरंच खोडून काढतात. घाईच्या कामात ही युक्ती उपयोगी पडते, पण कायमचा उपाय म्हणून मी तिच्यावर विसंबणार नाही.

टेपरमध्ये सरळ बसवलेला रीमर

टेलस्टॉकच्या मोर्स टेपरमध्ये रीमर ठोकून बसवायचा ही सगळ्यात साधी पद्धत. टेलस्टॉक नीट जुळवलेला असेल, रीमर लांब आणि थोडा लवणारा असेल, भोक आधी बोअर केलेलं असेल, तर ती छान चालते. पण टेपरच्या स्वच्छतेकडे लोक जेवढं दुर्लक्ष करतात तेवढं दुसऱ्या कशाकडे करत नसतील. तीन नंबरच्या मोर्स टेपरची लांबी साधारण ८० मिमी असते. त्याच्या एका टोकाला एका बाजूने ०.०२ मिमीची चिप दबली, तर तिथून २०० मिमी पुढे असलेल्या रीमरच्या टोकाला चूक ०.०५ मिमी होते. म्हणजे टेलस्टॉक डायलने जुळवण्यात घालवलेला सगळा वेळ एका कणाने वाया जातो. फडक्याने पुसणं पुरत नाही. आत बोट फिरवून बघा. बोटाला लागलेला कण डोळ्याला दिसेलच असं नाही.

टेपरचं माप जुळवायला मध्ये स्लीव्ह वापरली की जोड दोन होतात, आणि चुकाही दोन. सरळ शँकचा रीमर ड्रिल चकमध्ये धरणं तर मला अजिबात पटत नाही. आर्बरचा टेपर, चकचा टेपर आणि झिजलेले तीन जबडे, प्रत्येक जण आपली थोडी भर घालतो. झिजलेल्या ड्रिल चकमध्ये ०.१ मिमीचा रनआउट सहज सापडतो. वर शँक घसरली की तिच्यावर चरे पडतात आणि रीमर पुढे कुठल्याच कोलेटमध्ये (सगळीकडून आवळणाऱ्या पकडीत) नीट बसत नाही.

मागून सेंटर लावून ढकलणं

जुन्या टर्नरांची आवडती पद्धत ही. रीमरच्या मागच्या टोकाला सेंटर होल असतं. त्यात टेलस्टॉकचा डेड सेंटर टेकवायचा, शँकवर कॅरिअर किंवा टॅप रेंच आवळायचा, आणि त्याचा दांडा टूलपोस्टला किंवा कंपाउंड स्लाइडला टेकवून ठेवायचा. रीमर फिरत नाही, सेंटरभोवती थोडा कलू मात्र शकतो. पुढचं टोक भोकाच्या आणि मागचं टोक सेंटरच्या ताब्यात राहतं.

एवढ्याने किती फरक पडतो ते मोजून बघा. सेंटर ०.०५ मिमी बाजूला आहे आणि रीमर २०० मिमी लांब आहे. पक्क्या टेपरमध्ये ही चूक पूर्णच्या पूर्ण रीमरच्या टोकाशी पोहोचत होती. इथे रीमर फक्त एका अंशाच्या सत्तराव्या भागाएवढा कलतो. भोकात शिरलेल्या पहिल्या २५ मिमी लांबीवर त्या कलण्याचा परिणाम जेमतेम ६ मायक्रॉन. त्याच लेथवर, त्याच बिघडलेल्या टेलस्टॉकने काम होतं, आणि वर पैसाही लागत नाही. म्हणून रीमर जेवढा लांब, तेवढी ही पद्धत चांगली. आखूड रीमरला तिचा फायदा कमी.

धोके दोन आहेत आणि दोन्ही गंभीर आहेत. पहिला: टॅप रेंचचा दांडा हाताने धरायचा मोह. लेथ चालू असताना रीमर अडकला तर दांडा मनगट फिरवून टाकेल. दांडा नेहमी लोखंडाला टेकलेला हवा, माणसाला नाही. दुसरा: बॅरल मागे घेताना सेंटर सुटतो, रीमर भोकातच राहतो, मग जॉबबरोबर फिरून आपटतो. म्हणून या पद्धतीत रीमर बाहेर काढण्याआधी मशीन बंद करायचं. मग रीमर हाताने कापायच्याच दिशेने फिरवत बाहेर काढायचा. उलटा फिरवायचा नाही, कारण दाताच्या मागे अडकलेली चिप धार मोडते. खोल भोकात कॅरेजही बॅरलबरोबर पुढे सरकवत राहावं लागतं, म्हणजे दांड्याचा टेकू सुटत नाही.

याच पद्धतीचं पुढचं रूप म्हणजे सेंटरऐवजी सपाट पुशर. रीमरचं मागचं टोक एका सपाट, पॉलिश केलेल्या पृष्ठभागाने ढकलायचं. मागचं टोक मग कलू शकतं आणि बाजूला सरकूही शकतं. होल्डरकडे दिशा दाखवण्याची काही सत्ताच उरत नाही. पण याला भोकाचा आधार पहिल्या मिमीपासून भक्कम लागतो. तसा आधार नसेल तर रीमर स्वतःच्या वजनाने खाली लोंबतो.

फ्लोटिंग होल्डर

बाजारात मिळणारा फ्लोटिंग रीमर होल्डर हीच मोकळीक सुरक्षितपणे देतो. त्याची मागची बाजू टेलस्टॉकच्या टेपरमध्ये पक्की बसते. रीमर धरणारा पुढचा भाग तिच्यापासून सुटा असतो आणि ठराविक मर्यादेत हलतो. हलणं दोन प्रकारचं असतं. समांतर फ्लोटमध्ये रीमरचा अक्ष टेलस्टॉकच्या अक्षाला समांतर राहून बाजूला सरकतो. कोनीय फ्लोटमध्ये तो एका बिंदूभोवती कलतो. काही होल्डर दोन्ही देतात. खरेदीआधी हा प्रश्न नक्की विचारा, कारण टेलस्टॉक खाली बसला असेल तर समांतर फ्लोट लागतो, आणि बॅरल तिरकं झालं असेल तर नुसत्या समांतर फ्लोटचा उपयोग नाही.

समांतर फ्लोटमागची कल्पना बरीच जुनी आहे. जॉन ओल्डहॅम या आयरिश इंजिनिअरने १८२१ मध्ये चाकांच्या आगबोटीसाठी एक कपलिंग बनवलं. दोन शाफ्ट समांतर आहेत पण एका रेषेत नाहीत, तरी एकाने दुसऱ्याला फिरवायचं. त्याने मध्ये एक चकती घातली, तिच्या एका बाजूला एक खाच आणि दुसऱ्या बाजूला पहिलीला काटकोनात दुसरी खाच. चकती दोन्ही दिशांना सरकते, पण फिरण्याचा जोर सोडत नाही. अनेक फ्लोटिंग होल्डरांच्या पोटात हीच चकती असते. फक्त इथे तिचं काम उलटं आहे: रीमरला फिरू न देणं.

चांगला आणि वाईट होल्डर यांच्यातला फरक थ्रस्टमध्ये दिसतो. रीमर ढकलताना मागे जोर येतो आणि होल्डरचे दोन भाग एकमेकांवर दाबले जातात. मध्ये नुसती सपाट पत्रं असतील तर घर्षणामुळे ते एकमेकांना धरून ठेवतात. होल्डर हातात हलवला की मस्त हलतो, पण नेमका कापताना जाम. म्हणून चांगल्या होल्डरमध्ये थ्रस्ट घ्यायला गोळ्या असतात आणि दोन भाग त्यांच्यावर लोळत सरकतात. होल्डर घेताना त्याच्या तोंडावर अंगठ्याने जोरात दाबा आणि मग बाजूला सरकवून बघा. सरकला तर घ्या.

घरच्या घरीही एक चालण्यासारखा होल्डर करता येतो. शँकपेक्षा अर्धा-एक मिमी मोठं भोक असलेली बॉडी, आडवी एक सैल पिन, आणि तळाशी कडक केलेल्या सपाट तुकड्यावर टेकणारी एक स्टीलची गोळी. पिन फिरणं थांबवते, गोळी थ्रस्ट घेते, सैल भोकामुळे कलायला आणि सरकायला जागा मिळते. कॅपस्टन लेथवर असे होल्डर वर्षानुवर्षं चालले आहेत. पिन मात्र वरचेवर बदलावी लागते.

फ्लोटची दुसरी बाजूही सांगायला हवी, कारण ती सहसा कोणी सांगत नाही. लेथ आडवा असतो. मोकळा सोडलेला रीमर गुरुत्वाकर्षणाने खाली झुकतो आणि भोकाच्या तोंडाला खालच्या बाजूने धडकतो. त्यातून तोंडाशी पुन्हा तीच पसरट चूक तयार होते. स्प्रिंगने मध्यावर आणणारे होल्डर हे बरंच टाळतात. पण खरा उपाय जॉबवर करायचा असतो. भोकाच्या तोंडाला चॅम्फर द्या, आणि रीमर आत घालण्याआधी पहिले चार-पाच मिमी बोरिंग टूलने जवळजवळ अंतिम मापाचं करून घ्या, म्हणजे रीमर त्यात अलगद बसेल. टेलस्टॉक कसाही असला तरी ही पायरी मी सोडणार नाही. आणि फ्लोट कमीत कमी ठेवा. टेलस्टॉकची चूक ०.०५ असेल तर ०.५ मिमीची मोकळीक कशाला?

फ्लोट नको तेव्हा

सीएनसी टर्निंग सेंटरवर, टरेट (अनेक हत्यारं धरणारी फिरती चकती) नीट जुळलेला असेल आणि भोक त्याच सेटिंगमध्ये बोअर केलेलं असेल, तर फ्लोट उलट त्रास देतो. तिथे पक्कं आणि नेमकं धरणंच योग्य: ईआर कोलेट किंवा त्याहून चांगलं म्हणजे हायड्रॉलिक चक. हायड्रॉलिक चकचे उत्पादक साधारण ३ मायक्रॉनचा रनआउट सांगतात. टरेटची स्टेशन जुळत नसतील तर समायोज्य होल्डर मिळतात. त्यांच्यावरच्या स्क्रूंनी रीमर बाजूला सरकवता येतो आणि कलवताही येतो. डायल लावून एकदा जुळवायचं आणि मग हजार जॉब निवांत काढायचे.

सॉलिड कार्बाइड रीमर असेल तर हे जास्तच महत्त्वाचं. एचएसएस (हाय-स्पीड स्टीलचा) रीमर थोडा वाकून चूक पोटात घालतो. कार्बाइड वाकत नाही. चूक तशीच सहन करावी लागली तर तो धार सोडतो, नाहीतर मोडतो. ०.०१ मिमीपेक्षा जास्त चूक दिसत असेल तर कार्बाइड रीमर लावू नये, आधी ती चूक काढावी.

बंदुकीच्या नळीचं उदाहरण

होल्डरचा वाद सगळ्यात हिरिरीने कुठे चालत असेल तर तो अमेरिकेतल्या, रायफलची बॅरल बसवणाऱ्या गनस्मिथांमध्ये. आपल्याकडे शस्त्र अधिनियम १९५९ नुसार असं काम परवान्याशिवाय करता येत नाही, पण त्या वादातला मुद्दा आपल्या बुशलाही लागू पडतो. तिथे नळीचं भोक आधीच तयार असतं आणि चेंबर (काडतूस बसण्याची जागा) त्याच्याशी समकेंद्री यायला हवा. रीमरच्या टोकाला पायलट असतो, तो नळीच्या भोकात बसून दिशा दाखवतो. कोणी फ्लोटिंग होल्डरची बाजू घेतं, कोणी सपाट पुशरची, कोणी पक्क्या होल्डरची, आणि प्रत्येकाकडे उत्तम निकाल देणारी बॅरल असतात. याचं कारण होल्डरमध्ये नाही. मन लावून काम करणारे सगळेच आधी नळी डायल लावून, तिचं भोक अगदी स्पिंडलच्या अक्षावर येईपर्यंत जुळवतात. मार्गदर्शक भोक तसं नेमकं फिरायला लागलं की होल्डरमधला फरक बराच कमी होतो. ते जुळवलं नाही, तर सगळ्यात महागडा फ्लोटिंग होल्डरही काही वाचवू शकत नाही.

आपल्या बुशचं काय

आयडलर गिअरमध्ये दाबून बसवलेला गनमेटलचा बुश घ्या. बुश दाबला की त्याचं भोक थोडं आकसतं, म्हणून रीमिंग बसवल्यानंतर करायचं. गिअर चकमध्ये धरताना बाहेरच्या व्यासावर डायल लावून भागत नाही, बुशच्या भोकावरच डायल लावा. बोरिंग टूलने एक हलका कट घेऊन रीमरपुरता माल ठेवा, तोंड तयार करा, आणि मग रीमर सोडा. २० मिमीच्या एचएसएस रीमरला मिनिटाला १० मीटरचा वेग धरला तर साधारण १६० आरपीएम होतात. फीड मात्र ड्रिलिंगपेक्षा दुप्पट ठेवा. रीमर घाबरत घाबरत ढकलला तर दात कापण्याऐवजी घासतात आणि भोक चमकतं, पण मापात येत नाही.

झाल्यावर भोक तीन जागी मोजा: तोंडाशी, मध्ये आणि मागच्या टोकाला. फक्त तोंड मोठं असेल तर टेलस्टॉक किंवा होल्डर तपासा. पूर्ण लांबीभर सारखंच मोठं असेल तर होल्डरला हात लावू नका. दातांवर चिकटलेला माल बघा, आणि चॅम्फर हाताने घासलेला असेल तर सगळे दात एकाच उंचीवर आहेत का ते बघा, कारण एक दात पुढे असला की तो रीमरला बाजूला ढकलत राहतो. मागचं टोक मोठं आणि तोंड बरोबर असेल, तर बहुधा रीमर पूर्ण आरपार काढल्यावर त्याचा आधार सुटला आहे. अशा वेळी दंडगोल भागाचा थोडा तुकडा भोकातच राहील एवढ्या खोलीवर स्टॉप लावा.